खंडेनवमीची ओळ

झेंडू तोडायचा तो अंगावर दव असताना. ऊन चढल्यावर तोडलेलं फूल मंडईत पोचेपर्यंत मान टाकतं आणि मग त्याला कुणी विचारत नाही. म्हणून घटस्थापना झाली की पागेवाडीत उजाडेपर्यंत कुणी झोपून राहत नसे. बडोद्याशेजारच्या बाजव्याच्या पलीकडं ही वाडी. बडोद्याच्या फौजेत घोडे सांभाळणाऱ्यांना कधीकाळी मिळालेली जमीन, तिच्यावर सात घरं, सगळी एकाच भावकीची. फौज गेली, घोडे गेले, राहिला तो मान. मानाला चारा-पाणी करावं लागत नाही, त्यामुळे तो सातही घरांत चांगला पोसलेला होता.

विजयमाला वाफ्यात वाकून तोडत होती. लुगड्याचा ओचा फुलांनी भरला की बांधावर नेऊन ओतायचा आणि परत वाकायचं. पलीकडच्या सरीत तिची धाकटी जाऊ रूपाली होती. वैशाखात लग्न होऊन आलेली, बडोद्यातल्या मांडवीतली मुलगी, आणि आता तिसरा महिना. लांब रिफायनरीच्या धुराड्यावरची ज्योत अजून जळत होती. त्या उजेडात बांधावर बसलेले जयवंतराव दिसत होते.

जयवंतराव म्हणजे विजयमालेचे यजमान. गेल्या वर्षीपर्यंत फुलांचं पोतं एकट्यानं खांद्यावर टाकायचे. आता हातपाय वाळले होते आणि पोट मात्र वर आलेलं. खमिसाची खालची बटणं लागत नव्हती. डोळ्यांत हळद कालवल्यागत पिवळं. वाकता येत नाही म्हणून ते बसून फुलं निवडत होते, आणि तेवढ्यानंही त्यांना धाप लागत होती.

"घरात जाऊन पडा ने जरा," विजयमाला म्हणाली.

"पडून काय करू? पडलेल्या माणसाला बघायला लोक येतात."

त्यांचं खोटं नव्हतं. लिव्हर खराब झालं म्हटल्यावर लोकांनी एकच अर्थ काढला होता. गुजरातेत दारूबंदी असली तरी दारू कुठं मिळते हे सगळ्यांना ठाऊक असतं, आणि कोण पितो हेही सगळे परस्पर ठरवून टाकतात. जयवंतरावांनी जन्मात थेंब घेतला नव्हता. पण बाजव्याच्या नाक्यावर त्यांच्याकडं बघून पोरं हसत. घरात सासूबाईंनी, चिमणाबाईंनी, त्यांचं ताट-वाटी वेगळं करून ओसरीच्या कोनाड्यात ठेवलं होतं. पोटच्या लेकाला असं वाढताना म्हातारी डोळे पुसायची, पण ताट काही आत घ्यायची नाही.

त्या दिवशी विजयमाला टेंपोतून पोती घेऊन मंडईत गेली, तर नेहमीच्या व्यापाऱ्यानं पोत्याला हातच लावला नाही. वाईट वाटून घेऊ नका म्हणाला, पण विषारी कावीळ झालेल्याच्या घरची फुलं देवीला कशी चढवायची?

"भाभी, खोटुं ना लगाडता. लोको कहे छे तमारा मिस्टरने झेरी कमळो छे. आ फूल माताजीने चढे."

"फूल में तोड्यां छे, भाई. एमणे नहीं," ती म्हणाली.

त्यानं पोती एका बाजूला ठेवून घेतली. विजयमाला मंडईतून बाहेर पडली तेव्हा तिला स्वतःचीच चीड आली होती. नवऱ्याचे हात तिनं भर बाजारात नाकारले होते, तेही दोन पोत्यांसाठी. तशीच ती पदर खोचून दांडिया बाजारात डॉक्टरीणबाईंकडं गेली.

डॉ. निरुपमा जुन्या घराण्यातल्या. आजोबा संस्थानात मोठ्या हुद्द्यावर होते, त्यामुळे बाई रोग्यावर रागावायच्या त्याही अगदी पुस्तकी मराठीत. आठवड्यापूर्वी त्यांनी घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासायला पाठवलं होतं.

"खरं सांगा, जयवंतराव पितात का? मी काही पोलिसांत कळवणार नाही."

"चहासुद्धा अर्धा कप घेतात, बाई."

"मग नीट ऐका. ही हिपॅटायटिस बी. इकडे झेरी कमळो म्हणतात ती. पाण्यातून येणारी कावीळ निराळी, ती येते आणि महिन्या-दोन महिन्यांत जाते. ही रक्तातून येते. मोठ्या माणसांत बहुतेकांच्या अंगातून आपोआप निघून जाते. तुमच्या अंगात ती येऊन गेलीय, तुम्हाला पत्ताही लागला नाही. पण एखाद्याच्या अंगात ती मुक्कामाला राहते. वीस-वीस वर्षं काही दुखत नाही, खुपत नाही, आणि आत लिव्हर सुकत जातं. पोटात पाणी झालं तेव्हा आपल्याला कळतं."

"बरं होईल?"

"सुकलेलं परत हिरवं होत नाही. एक गोळी निघालीय, ती रोगाला धरून ठेवेल. मीठ सोडायचं. रक्ताची उलटी झाली तर तास दवडायचा नाही, थेट मोठ्या इस्पितळात. असं सांभाळलंत तर चांगले दिवस मिळतील. किती, ते मी खोटं सांगणार नाही."

विजयमालेनं मान हलवली. तिला रडू येत होतं, पण रडायला बसलं की विचारायचं राहून जातं.

"ताटवाटीतून येते का? सासूबाईंनी ताट वेगळं ठेवलंय."

"मुळीच नाही. शेजारी बसून जेवा. नवरा-बायकोत जाते, बाळंतपणात आईकडून बाळाला जाते. आणि रक्ताला रक्त लागलं की जाते. म्हणूनच विचारतेय, यांना कधी रक्त चढवलं होतं? एका सुईनं दहा जणांना टोचणारा कुणी डॉक्टर? न्हाव्याचा वस्तरा? जत्रेतलं गोंदण?"

विजयमाला एकेकाला नाही म्हणत गेली. मग तिला खंडेनवमी आठवली.

"बाई, एकाच कट्यारीनं सगळ्यांनी अंगठे कापले तर?"

बाईंनी लिहायचं थांबवलं. "कोण कापतं?"

मग विजयमालेनं सांगितलं. खंडेनवमीला देवघरात शस्त्रं मांडतात. भावकीतले लग्न झालेले पुरुष वयानं ओळीत बसतात. सगळ्यांत वडील असेल तो मूळपुरुषाच्या कट्यारीनं अंगठ्याला चीर देतो, रक्ताचं बोट पात्यावर ओढतो आणि कट्यार शेजारच्याकडं देतो. तो तेच करतो. मधे पातं पुसायचं नाही. पुसलं म्हणजे भावाचं रक्त हलकं मानलं. शेवटच्या माणसाच्या हाती येईपर्यंत पातं सबंध ओलं झालेलं असतं.

"आणि हे कधीपासून?"

"कट्यार आहे तेव्हापासून. आमचे सासरे पोट फुगूनच गेले, बाई. त्यांचे चुलतेही. म्हणतात देवीचा कोप."

"देवीला कशाला बोल लावता," बाई म्हणाल्या. "ओळीत आता नवीन कोण बसणार आहे?"

नवीन एकच होता. समरजित, जयवंतरावांचा धाकटा भाऊ, रूपालीचा नवरा. त्याचं रक्त साफ होतं, रूपालीचंही साफ. आणि यंदाची खंडेनवमी त्याची पहिली.

"लस आहे," बाई म्हणाल्या. "आता आपल्याकडेच बनते, परवडण्यासारखी झालीय. उद्या दोघांना पाठवा. पण ती तीनदा टोचायची, सहा महिने लागतात. उद्या टोचली म्हणून या नवमीला अंगठा पुढे करू नका म्हणावं. त्याला लागली तर रूपालीला लागेल आणि तिच्यापासून पोटातल्या बाळाला. तान्ह्या बाळाच्या अंगातून ती जात नाही हो. तिथे मुक्कामच करते."

परतीच्या टेंपोत रिकाम्या पोत्यांवर बसून विजयमालेनं मनाशी ठरवून टाकलं. नवऱ्याचं जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. समरजितचा अंगठा त्या पात्याला लागू द्यायचा नाही. मग भावकीनं वाळीत टाकलं तरी बेहत्तर.

ठरवणं सोपं होतं. पहिला वांधा घरातच निघाला.

"मी समरजितला काही सांगणार नाही, आणि तूही मला ओळीतून उठवू नकोस," जयवंतराव म्हणाले. ते भिंतीला टेकून बसले होते आणि ती त्यांच्या सुजलेल्या पावलांना तेल लावत होती. दाबलं तिथं खड्डा राहत होता.

"अहो, तुमचंच रक्त त्याला लागणार."

"कळतंय मला. पण माझं कोण बघतंय? जन्मात थेंब घेतला नाही आणि गावभर बेवडा ठरलो. ओळीत बसलो तर लोक म्हणतील, भावकीनं तरी याला आपला मानला. उठवलं तर शिक्काच बसला. मेल्यावर तोच राहील."

तिनं तेल लावायचं थांबवलं नाही. तिला त्यांचं दुःख समजत होतं, आणि नेमकं तेवढ्यासाठी ऐकता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तोडणी आटोपून ती समरजितला घेऊन दत्ताजीरावांकडं गेली. दत्ताजीराव तिचे चुलत सासरे, भावकीत सगळ्यांत वडील, सगळे त्यांना आबासाहेब म्हणत. ओसरीवर शस्त्रं काढून ठेवली होती आणि त्यांचा मुलगा विश्वंभर राख-लिंबानं तलवार घासत होता. विजयमाला खांबाआड उभी राहिली आणि डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं तिनं सगळं सांगितलं.

दत्ताजीरावांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "एवढंच ने? जयवंतला यंदा बाहेर बसवू. झालं तुझं काम."

"त्यांना एकट्याला बसवून भागायचं नाही, आबासाहेब. ज्याच्या अंगात असतं त्याला खबरच पडत नाही. कुणाच्याही अंगात असेल. विश्वंभरभावोजींच्या असेल. तुमच्या असेल."

विश्वंभरचा हात थांबला.

"माझ्या?" दत्ताजीराव हसले, पण ते हसू डोळ्यांपर्यंत गेलं नाही. "भावकीचं रक्त तपासायला निघालीस तू? तुझ्या माहेरी कट्यार होती का कधी?"

"नव्हती. म्हणून माझे वडील ऐंशी वर्षं जगले."

विश्वंभरला ठसका लागला. दत्ताजीरावांचा चेहरा लाल झाला. "समरजित ओळीत बसेल. बसायचं नसेल तर त्यानं या वाडीत लग्नाकार्याला पान मागू नये. बायकांनी रक्ताच्या गोष्टी करू नयेत."

रक्ताच्या गोष्टी बायकांना जेवढ्या ठाऊक असतात तेवढ्या दत्ताजीरावांना सात जन्मांत कळल्या नसत्या, पण विजयमाला ते बोलली नाही. वाटेत समरजितच कुरकुरला. "वहिनी, जरासं तर लागतं. अमथं कशाला वाढवायचं? लोक म्हणतील घाबरला."

"घरी जाऊन रूपालीला सांगा हेच. तिच्या डोळ्याला डोळा देऊन सांगा."

त्यानं ते सांगितलं की नाही कोण जाणे. पण त्या दुपारी एक गोष्ट घडली. जयवंतराव ओसरीत एकटे जेवायला बसले होते. बिनमिठाचं शाक आणि भाकरी. रूपाली आपलं ताट घेऊन आली आणि त्यांच्या समोर मांडी घालून बसली. धाकटी सून थोरल्या दिरासमोर जेवायला बसते हे या घरानं कधी पाहिलं नव्हतं. चिमणाबाई चुलीपासून उठून दारात आल्या.

"अगं, काय करतेस?"

"जेवतेय ने, सासूबाई. दादा एकटे जेवतात ते बरं दिसत नाही." तिनं हात लांबवून जयवंतरावांच्या ताटातली भाकरी मोडून घेतली. "डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ताटातून काही होत नाही. ताटाला मी भीत नाही, दादा. त्या कट्यारीला भिते."

जयवंतराव खाली मान घालून बसले. किती महिन्यांत त्यांच्या ताटाला कुणाचा हात लागला नव्हता. त्यांनी उरलेली भाकरी हळूच तिच्या बाजूला सरकवली आणि डावा हात डोळ्यांवर धरला. चिमणाबाई चुलीकडं परत गेल्या. संध्याकाळी कोनाड्यातलं ताट त्यांनी आणून बाकीच्या ताटांत उपडं घातलं.

डॉक्टरीणबाईंनी जयवंतरावांना इस्पितळात पाठवून पोटातलं पाणी काढवलं. जरा हलकं वाटलं, पण दोन दिवसांत पोट परत चढायला लागलं. तोडणी चालूच होती. समरजित आणि रूपाली टोचून घेऊन आले, आणि दंडावर हात चोळत दोघंही वाफ्यात उतरले. जयवंतराव बांधावरून रूपालीकडं बघत बसायचे. ती वाकली की एक हात पोटाशी जायचा, नकळत. विजयमालेनं नवऱ्याला परत काही म्हटलं नाही. म्हणायचं तेवढं झालं होतं. मात्र खंडेनवमीला आपण उंबऱ्यात उभं राहायचं आणि वेळ आली तर समरजितचा हात धरून ओढायचा, हे तिचं पक्कं होतं.

खंडेनवमीला पहाटेच मंडईत माल गेला. दहाच्या सुमारास सातही घरांतले पुरुष दत्ताजीरावांच्या देवघरात जमले. बायका उंबऱ्याबाहेर. शस्त्रपूजेला बाईमाणसानं आत पाऊल टाकायचं नाही, असा दंडक. तलवारींना गलगोट्यांच्या माळा घातल्या होत्या, तो झेंडू विजयमालेच्याच वाफ्यातला. माताजीला चालत नव्हती ती फुलं कट्यारीला चालली.

पुरुष ओळीत बसले तेवढ्यात जयवंतराव आले. आंघोळ केलेले, डोक्याला भगवा फेटा, भिंतीचा आधार घेत. विजयमाला बायकांतून पुढं सरली. तिनं त्यांना घरी निजलेले पाहून पाऊल काढलं होतं.

"तुला बाहेर बसायला सांगितलं होतं, जयवंत," दत्ताजीराव म्हणाले.

"ओळ वयानं लागते, आबासाहेब. तुमच्या खालोखाल मी." ते हात टेकून खाली बसले. पोटामुळे मांडी घालता येईना, एक पाय लांबच राहिला. बसल्यावर बराच वेळ त्यांना श्वास पुरत नव्हता.

दत्ताजीरावांना त्यांना उठवावंसं वाटलं. पण नियम त्यांनीच आयुष्यभर सांगितलेला, तो मोडणार कसे? त्यांनी कट्यार उचलली, अंगठ्याला चीर दिली, लाल बोट पात्यावर ओढलं आणि कट्यार जयवंतरावांकडं दिली.

जयवंतरावांनी ती मुठीला धरून घेतली. विजयमालेनं समरजितकडं पाहिलं. तो ओळीच्या टोकाला बसला होता आणि त्यानं हाताची मूठ वळलेली होती. तिनं उंबऱ्याच्या चौकटीला हात लावला.

जयवंतरावांनी अंगठा पुढं केला नाही. कट्यार मांडीवर ठेवली, डोक्याचा फेटा काढला आणि तो पात्याभोवती गुंडाळायला लागले.

"जयवंत, पात्याला फडकं लावतोस?"

"फडकं नाही, आबासाहेब. माझा फेटा आहे." ते गुंडाळत राहिले. "माझा बाप कसा गेला ते तुम्ही बघितलंत. मी कसा चाललोय ते सगळे बघताहेत. मी दारूनं मेलो म्हणा, खुशाल म्हणा, मला आता त्याचं काही नाही. पण हे माझ्यापुढं जाणार नाही."

"आण इकडं ती." दत्ताजीराव पुढं झुकले. त्यांचा हात कट्यारीकडं गेला.

विजयमाला उंबरा ओलांडून आत आली. मागं कुणीतरी बाई "अगं अगं" म्हणाली. ती सरळ जाऊन नवऱ्याशेजारी बसली, जयवंतराव आणि दत्ताजीराव यांच्या मधे. 

"मला हात लावून घेणार असाल तर घ्या, आबासाहेब," ती म्हणाली.

दत्ताजीरावांचा हात तिथंच थांबला. अंगठ्यातून रक्त ओघळत होतं, ते त्यांच्या धोतरावर पडत होतं. विजयमालेनं समोरच्या तबकातली कुंकवाची वाटी घेतली आणि ओळीच्या टोकाला सरकवली. "समरजितभावोजी, कट्यारीला कुंकू लावा. तुमची पहिली नवमी आहे."

समरजित उठला. त्याला बाहेर रूपाली दिसत होती, ती उंबऱ्याशी अगदी ताठ उभी होती. त्यानं कुंकवात अंगठा बुडवला, येऊन भावापुढं वाकला आणि फेट्यात गुंडाळलेल्या कट्यारीला बोट लावलं. मग त्यानं जयवंतरावांच्या पायांवर डोकं ठेवलं. त्याच्यामागून विश्वंभर आला, बापाकडं न बघता. मग बाकीचे एकेक. दत्ताजीराव उठून निघून गेले.

दसऱ्याला सोनं द्यायला समरजित आणि रूपाली त्यांच्याकडं गेले तेव्हा त्यांनी आपट्याची पानं घेतली, पण तोंड उघडलं नाही. कट्यार जयवंतरावांच्या उशाशी होती. त्या रात्री त्यांना गाढ झोप लागली, बऱ्याच दिवसांनी. विजयमाला त्यांच्या पायाशी बसून राहिली. हा माणूस आपल्याला फार दिवस मिळायचा नाही हे तिला कळत होतं. आणि लग्न झाल्यापासून तो तिला इतका कधी आवडला नव्हता.

दसरा झाल्यावर दिवाळीपर्यंत मंडईला फारसं फूल लागत नाही. सकाळी टेंपो रिकामाच उभा होता. जयवंतरावांच्या गोळ्या आणायला निघण्याआधी विजयमाला पोती झटकत होती तर विश्वंभर येऊन उभा राहिला.

"वहिनी, आज बडोद्याला जाताय ने? मीपण येतो. माझी दोन लहान पोरं आहेत."

त्याच्या मागं भावकीतले आणखी चौघं होते. कुणी तिच्याकडं बघत नव्हतं, सगळे टेंपोच्या चाकाकडं बघत होते. ते मागं चढले. टेंपो सुरू होणार एवढ्यात दत्ताजीराव काठी टेकत आले आणि पुढं ड्रायव्हरशेजारी जाऊन बसले.

"मी काही तपासायला येत नाही," ते काचेकडं तोंड करून म्हणाले. "पोरांच्या सोबतीला कुणी वडीलधारं पाहिजे."

दांडिया बाजारात दवाखान्याच्या बाकावर सगळे ओळीनं बसले. नर्सबाई ट्रे घेऊन बाहेर आली आणि विचारलं, आधी कोण. कुणी हलेना. विश्वंभरनं वडिलांकडं पाहिलं. मग दत्ताजीरावांनी काठी भिंतीला लावली, बाही दंडापर्यंत सारली आणि हात टेबलावर ठेवला. नर्सबाई वाकली तसा त्यांनी तो मागं घेतला.

"थांब, बेन. सुई नवी छे ने?"

"नवीज छे, काका."

"माझ्यासमोर फोड," दत्ताजीराव म्हणाले. "आणि यातल्या प्रत्येकाला निराळी. मी इथं उभा राहून बघणार आहे."